दुकानातील चोरी: पकडण्यापासून खटल्यापर्यंत

दुकान उघडे असताना, दुकानदार समोर बसलेला असताना, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने पैसे न देता माल लांबवणे म्हणजे उचलेगिरी. रात्री कुलूप तोडून झालेली घरफोडी सकाळी शटर वर करताच कळते. उचलेगिरी मात्र कित्येकदा वर्षअखेरीस साठा मोजताना उघडकीस येते आणि तोवर कोणी, कधी, काय नेले याचा माग उरलेला नसतो. किराणा दुकानातून जातात ती सुकामेव्याची पाकिटे, तुपाचे डबे, दाढीची पाती, चॉकलेटे. औषधाच्या दुकानातून बाळाच्या दूधभुकटीचे डबे. कापडाच्या दुकानातून साड्या. सराफी पेढीवरून अंगठ्या आणि मंगळसूत्राच्या वाट्या. वस्तू लहान, किंमत बऱ्यापैकी आणि दुसरीकडे चटकन खपणारी, असा हा सारा माल असतो.

मोठ्या साखळी दुकानांना अशी गळती जमाखर्चात सोसता येते. मालक आणि फार तर एक कामगार यांच्यावर चालणाऱ्या दुकानाला ती झेपत नाही. २०० रुपयांच्या डब्यावर २० रुपये सुटत असतील, तर एक डबा चोरीला गेला की खरेदीचे १८० रुपये बुडतात आणि ते भरून काढायला तसेच नऊ डबे विकावे लागतात. म्हणूनच चोर हाती लागला की दुकानदाराचा संताप अनावर होतो. हा संताप समजण्यासारखा आहे. पण त्याच्या भरात जे घडते, त्यामुळे फिर्यादीलाच आरोपी होण्याची वेळ येते. माल परत मिळवणे, पुरावा जपणे आणि फिर्याद देणे एवढीच दुकानदाराची कामे आहेत. शिक्षा देणे हे त्याचे काम नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वीच्या कलम ३७८ आणि ३७९ मध्ये असलेली चोरीची व्याख्या आणि शिक्षा आता कलम ३०३ मध्ये आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने घेऊन जाण्यासाठी हलवणे म्हणजे चोरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्याच कलमाखाली पुन्हा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष ते कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आणि दंड होतो. दुकानातील कामगारानेच मालकाचा माल लांबवला तर कलम ३०६ लागते आणि तेथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. मालमत्ता राखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीसाठी कलम ३०५ असून त्याचीही कमाल शिक्षा सात वर्षे आहे. दुकान किंवा त्यामागचे गोदाम या वर्णनात बसते, असे धरून पोलीस हे कलम लावू शकतात.

वस्तू हलवली की चोरी झाली, असे व्याख्या सांगते. दुकानात मात्र ही व्याख्या जपून वापरावी लागते. स्वतः माल उचलून घ्यायच्या दुकानात गिऱ्हाइकाने वस्तू फळीवरून उचलणे, टोपलीत टाकणे, हातात घेऊन फिरणे यांना दुकानदाराची संमतीच असते. हेतू अप्रामाणिक होता हे दाखवण्यासाठी काहीतरी ठळक कृती लागते: वस्तू ओढणीखाली किंवा स्वतःच्या पिशवीत तळाशी जाणे, खुणेची चिठ्ठी फाडून टाकणे, इतर वस्तूंचे बिल करून ही एक न दाखवणे, बिलाचे टेबल ओलांडून दाराबाहेर पाऊल टाकणे. वस्तू पिशवीत जाताना दिसली तरी माणूस बिलाचे टेबल ओलांडेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. आधीच अडवले तर ‘मी पैसे देणारच होतो’ या उत्तरावर काहीच म्हणता येत नाही. शिवाय हातातले मूल सावरताना पुडा पिशवीत टाकून विसरणारी आई असते आणि विस्मरणाचा आजार असलेले आजोबाही असतात. हेतू नसेल तर ती चोरी नव्हे.

नव्या कायद्यातला मोठा बदल पाच हजार रुपयांच्या मर्यादेचा आहे आणि लहान दुकानदाराशी त्याचा थेट संबंध येतो. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे कलम ३०३ मध्ये म्हटले आहे. ही सेवा न्यायालय ठरवून देते आणि तिचा मोबदला मिळत नाही. त्याचबरोबर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, परिशिष्टात पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. जुन्या कायद्यात चोरी कितीही लहान असली तरी ती दखलपात्र आणि अजामीनपात्र होती. किराणा, स्टेशनरी, औषधे, सौंदर्यप्रसाधने यांच्या दुकानांतली बहुतेक उचलेगिरी पाच हजारांच्या आतलीच असते. म्हणजे या दुकानदारांची बहुतेक प्रकरणे आता पोलिसांच्या भाषेत ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र, झाली.

याचा पहिला परिणाम चोराला पकडून ठेवण्यावर होतो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सामान्य नागरिकालाही अटकेचा अधिकार देते. पण गुन्हा त्याच्यासमोर घडलेला हवा आणि तो दखलपात्र व अजामीनपात्रही हवा. अशा वेळी पकडलेल्या माणसाला विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. सहा तासांची ही मर्यादा नव्या कायद्यात आली. आठ हजारांची पैठणी पिशवीत घालून निघालेल्या माणसाला या कलमाखाली रोखता येते. चारशे रुपयांचा बदामाचा पुडा नेणाऱ्याला या कलमाच्या आधारे खोलीत बसवून ठेवणे धोक्याचे आहे. बेकायदा अडवणे हा न्याय संहितेच्या कलम १२६ चा आणि डांबून ठेवणे हा कलम १२७ चा गुन्हा आहे. डांबून ठेवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून दुकानदार हतबल आहे असे मुळीच नाही. आपल्या मालमत्तेचे चोरीपासून रक्षण करण्याचा हक्क न्याय संहितेतही कायम आहे आणि तेथे किमतीची अट नाही. माल परत मिळेपर्यंत, चोर माल घेऊन निसटेपर्यंत किंवा पोलिसांची मदत पोहोचेपर्यंत हा हक्क टिकतो. दारात उभे राहून पिशवीतली वस्तू परत मागणे, ती हिसकली जाणार असेल तर घट्ट धरून ठेवणे, हे त्यात बसते. पण रक्षणासाठी जेवढे आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मुभा आहे. वस्तू हाती परत आली की मुभा तेथेच संपते. त्यानंतर मारलेली एक थप्पडही रक्षण ठरत नाही, मारहाण ठरते.

या बाबतीत कायदा किती कडक आहे, हे फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते. कबुली काढण्यासाठी किंवा माल परत करायला लावण्यासाठी एखाद्याला दुखापत करणे हा कलम १२० चा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे चोराला दोरीने खांबाला बांधून ‘बोल, आणखी काय नेलेस’ म्हणत मारणारा दुकानदार चोरापेक्षा दुपटीहून मोठ्या शिक्षेला पात्र होतो. आजूबाजूचे चार जण हात धुऊन घेतात तेव्हा गोष्ट आणखी हाताबाहेर जाते आणि त्या गर्दीत नावानिशी ओळखला जाणारा माणूस एकच असतो, तो दुकानाचा मालक. जमाव वाढू लागला तर चोराला जमावापासून वाचवणे हीसुद्धा दुकानदाराची जबाबदारी आहे. शटर अर्धे ओढावे, ११२ वर फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नये.

गिऱ्हाइकाशी पहिले वाक्य काय बोलावे, यावर पुढचे बरेच काही ठरते. ‘चोर, चोर’ असा आरडाओरडा केला आणि पिशवीत काही निघाले नाही, तर चारचौघांत केलेल्या बदनामीचा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी दाराबाहेर पाऊल पडताच, शक्यतो दुसऱ्या एका माणसाला सोबत घेऊन, शांतपणे विचारावे: ‘ताई, पिशवीतली ती साडी बिलात धरायची राहिली का?’ खरोखर विसरलेली बाई खजील होऊन पैसे देते आणि गिऱ्हाईक टिकते. मुद्दाम घेतलेली असेल तर ती बहुधा साडी काढून टेबलावर ठेवते. मग माल परत मिळाला आणि ही देवघेव पाहणारा साक्षीदारही मिळाला. मालाकडे बोट दाखवून नेमका प्रश्न विचारावा, माणसाच्या चारित्र्याबद्दल बोलू नये.

झडती घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. पिशवी उघडून दाखवा, अशी विनंती करता येते. नकार मिळाला तर पोलिसांची वाट पाहावी. बाईच्या अंगाला पुरुषाने कोणत्याही कारणाने हात लावू नये, दुकानात स्त्री कामगार असली तरी तिनेही झडती घेऊ नये. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि शालीनता राखूनच घ्यावी लागते. विनयभंगाच्या कलम ७४ खाली किमान एक वर्षाची कैद आहे. पाचशेच्या वस्तूसाठी हा धोका कोणी पत्करू नये.

संशय कोणावर घ्यायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष जपून हाताळावा लागतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कित्येक समाजांवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या नजरेत राहिला. पोशाख, बोली किंवा जात पाहून एखाद्याच्या मागे कामगार फिरवणे अन्यायाचे आहे आणि व्यवहारातही चुकीचे आहे, कारण सारी नजर एका फाटक्या माणसावर खिळली की चांगल्या कपड्यांतला उचल्या निर्धास्त होतो. लक्ष हातांवर आणि मालावर असावे. सराफाकडे एका वेळी एकच ट्रे समोर ठेवून, तो आत गेल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, ही जुनी शिस्त याच अनुभवातून आली आहे. साडीच्या दुकानात गादीवर बारा साड्या पसरल्या तर घडी घालताना बारा मोजायच्या, त्याही गिऱ्हाईक उठण्यापूर्वी. एवढ्या सवयीने अर्धी चोरी होण्यापूर्वीच टळते.

चोर मूल असेल तर सारे नियम बदलतात. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरतच नाही. सात ते बारा वयात त्याला कृत्याची समज होती का, हे पाहिले जाते. अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. साध्या चोरीसारख्या गुन्ह्यात मुलावर सहसा प्रथम खबर अहवाल नोंदवला जात नाही, डायरीत नोंद होऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवला जातो. दुकानदाराने करण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे पालकांना बोलावणे. पालक नसतील, मूल भुकेले किंवा कोणाच्या धाकाखाली चोरत असल्यासारखे वाटले, तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. मोठी माणसे मुलांना पुढे करून चोरी करवतात, असेही घडते; तेव्हा खरा गुन्हेगार दाराबाहेर उभा असतो.

कॅमेऱ्यातले चित्रण गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची किंवा फोटो छापून ‘यांच्यापासून सावध’ अशी पाटी दाराला लावण्याची पद्धत आता फार बोकाळली आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत यातून बदनामीची फिर्याद उद्भवू शकते, कारण तोवर कोणत्याही न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेले नसते. मुलाच्या बाबतीत तर हा स्वतंत्र गुन्हाच आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चित्रण पोलिसांना द्यावे, गटावर नव्हे.

चोरीच्या मालाच्या दहापट रक्कम ‘दंड’ म्हणून वसूल करायची, नाहीतर पोलिसांत देण्याची धमकी द्यायची, हाही प्रकार काही बाजारांत रूढ आहे. दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा. भीती घालून पैसे काढणे न्याय संहितेतील खंडणीच्या कलम ३०८ पर्यंत जाऊ शकते. मालाची रास्त किंमत घेऊन बिल देणे आणि प्रकरण मिटवणे यात मात्र काही गैर नाही. कलम ३०३ खालील चोरी मालाच्या मालकाला तडजोडीने मिटवता येते. पहिल्यांदाच हात मारलेला, माल परत देणारा, घाबरलेला माणूस असेल तर तडजोड हाच शहाणपणाचा मार्ग आहे. टोळीने येणारे, पुन्हा पुन्हा दिसणारे आणि शस्त्र दाखवणारे यांच्याशी तडजोड करू नये. चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना इजा केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली तर ती जबरी चोरी होते. तेथे किमतीचा प्रश्न उरत नाही आणि दुकानदाराने तर मालापेक्षा जीव आधी जपावा.

माल पाच हजार किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली प्रथम खबर अहवाल नोंदवायला हवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर नोंद टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. नव्या कायद्यात ठाण्याची हद्द आड येत नाही आणि खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन त्यावर सही करावी लागते. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी, तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

पाच हजारांच्या आतल्या चोरीत पोलीस एनसी नोंदवतात आणि फिर्यादीला न्यायालयाचा रस्ता दाखवतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. दुकानदार दोन मार्गांनी जाऊ शकतो: तपासाचा आदेश द्यावा असा अर्ज करणे, किंवा कलम २२३ खाली स्वतःच खासगी फिर्याद दाखल करणे. तीनशे रुपयांच्या चोरीसाठी वकील लावून न्यायालयाच्या पायऱ्या चढणे कोणालाही परवडत नाही आणि तसा आग्रह धरण्यातही अर्थ नाही. तरी एनसी नोंदवावीच. तोच माणूस वा तीच टोळी पुढे मोठी चोरी करते तेव्हा तारीख-वेळ-वर्णनासह झालेल्या जुन्या नोंदी तपासाला दिशा देतात. कायद्यातला हा बदल तुरुंगातली गर्दी आणि गरिबांची फरफट कमी करणारा असला, तरी त्याचा भार लहान व्यापाऱ्यावर पडला, हेही खरे.

फिर्यादीचा कणा म्हणजे पुरावा. माल दुकानाचाच आहे हे सिद्ध करायला खरेदीचे बिल, साठ्याची नोंद, दुकानाची चिठ्ठी किंवा बारकोड लागतो. ज्या दुकानात खरेदीची बिले सांभाळलेली नसतात तेथे खटला पहिल्याच पायरीवर अडखळतो. परत मिळालेली वस्तू पुन्हा फळीवर ठेवू नये. पोलीस पंचनामा करून ती मुद्देमाल म्हणून जप्त करतात. साड्या किंवा दागिने वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहतील ही भीती अनेकांना फिर्यादीपासून दूर ठेवते. पण २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोटो आणि पंचनामा करून माल लवकर परत देण्याचा मार्ग घालून दिला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर त्यासाठी मुदतीच ठरवल्या आहेत. वेळीच अर्ज केला तर माल सुपुर्दनाम्यावर मिळू शकतो.

कॅमेऱ्याचे चित्रण हा आज सर्वांत भक्कम पुरावा आणि तोच सर्वाधिक वेळा वाया जातो. डीव्हीआरमधली जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, म्हणून चोरी कळल्याच्या दिवशीच तेवढा भाग वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा आणि मूळ डीव्हीआर पोलिसांनी मागितल्यास दाखवता येईल असा ठेवावा. कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे-मागे असेल तर तो फरक पंचनाम्यात लिहवून घ्यावा. उलटतपासणीत बचावाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. उतरवलेल्या प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ यंत्र न्यायालयात हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे जुन्या कायद्यातील तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितले.

फिर्याद दिली म्हणजे आरोपी लगेच तुरुंगात जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस सहसा नोटीस देऊन आरोपीला चौकशीला बोलावतात. दुसऱ्या दिवशी तो बाजारात दिसला याचा अर्थ पोलिसांनी काही केले नाही असा होत नाही. वीस हजार रुपयांपर्यंतच्या चोरीचा खटला आता संक्षिप्त पद्धतीने चालवायचा असतो. त्यात तीन महिन्यांपेक्षा अधिक कैद देता येत नाही. प्रथम गुन्हेगाराला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊनही सोडता येते. पोलिसांनी दाखल केलेला खटला सरकारी वकील चालवतात, फिर्यादीला वकिलाचा खर्च नाही. त्याच्याकडून फक्त साक्ष हवी असते. खासगी फिर्यादीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालत असताना फिर्यादी तारखेला गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. पोलिसांच्या खटल्यातही मालकाने माल आणि माणूस ओळखला नाही तर पुढे काही उरत नाही. समन्स हाती आल्यावर त्या दिवशी दुकान उशिरा उघडावे, पण बिले आणि फिर्यादीची प्रत घेऊन साक्षीला जावे.